एक लहर, आठ बोलणारे

बीड तालुक्यातील नेकनूर हे मांजरसुंबा ते केज या रस्त्यावरचे मोठे गाव. बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेल्या या गावाचा आठवडी बाजार पंचक्रोशीला परिचित आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून आणि वाड्यावस्त्यांवरून माणसे लोटतात आणि आज त्यातील बहुतेकांच्या खिशात मोबाइल असतो. बैलाचा भाव घरी कळवायचा असतो, परतीच्या जीपची चौकशी करायची असते, भाजीवाल्याकडच्या क्यूआर कोडवर पैसे पाठवायचे असतात. गावावरून फिरणाऱ्या लहरी मात्र बाजार नसलेल्या दिवशी असतात तेवढ्याच असतात. एकाच हवेतून जाणाऱ्या या असंख्य संभाषणांची सरमिसळ का होत नाही आणि ऐन गर्दीत 'लाइन' का लागत नाही, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच शब्दात दडले आहे. तो शब्द म्हणजे पाळी.

हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. कालव्याच्या पाण्यासाठी महाराष्ट्रात 'शेजपाळी' नावाची पद्धत रूढ आहे. हंगामाच्या आरंभी शेतकऱ्यांकडून पाण्याचे अर्ज घेतले जातात, मागणीनुसार यादी तयार होते आणि चारीच्या शेवटच्या टोकाकडून सुरुवातीच्या टोकाकडे एकेका शेताला ठरावीक वेळ पाणी मिळते. चारी एकच, पाणी घेणारे अनेक. चारीची रुंदी वाटून घेण्याऐवजी येथे वेळ वाटून घेतला जातो. एका फेरीला 'आवर्तन' म्हणतात आणि त्यातील एका शेताच्या वाट्याला 'पाळी'. संदेशवहनाच्या शास्त्रात ज्याला 'टाइम डिव्हिजन मल्टिपल ॲक्सेस' किंवा थोडक्यात 'टीडीएमए' म्हणतात, त्याचा गाभा नेमका हाच आहे. फरक आहे तो वेगाचा. शेजपाळीचे आवर्तन दिवसांत मोजले जाते, तर मोबाइलचे आवर्तन सेकंदाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी वेळात संपते.

तारायंत्रापासून सुरुवात

वेळ वाटून घेण्याची कल्पना बिनतारी यंत्रांपेक्षा जुनी आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ मध्ये एक फिरते यंत्र तयार केले. त्यातील धातूचा ब्रश गोल तबकडीवरून फिरे आणि तबकडीच्या प्रत्येक भागाला एक तारमास्तर जोडलेला असे. ब्रश ज्याच्या भागावर येई, त्याचे अक्षर तारेवर जाई. पलीकडच्या टोकाला तसाच ब्रश त्याच गतीने फिरत असल्याने अक्षरे ज्याच्या त्याच्या कागदावर उमटत. एका तारेवर चार ते सहा जण एकाच वेळी काम करू लागले. तांब्याची नवी तार ओढण्याचा खर्च वाचला.

बोदो यांच्या यंत्रात पुढील सर्व पद्धतींची मुख्य अट स्पष्ट दिसते. दोन्ही टोकांचे ब्रश एकाच लयीत फिरले पाहिजेत. लय चुकली तर एकाची तार दुसऱ्याच्या कागदावर. आजच्या यंत्रणांत ब्रश नाही, परंतु घड्याळे जुळवून ठेवण्याची ही कटकट कायम आहे. किंबहुना अभियंत्यांचा बराचसा वेळ तीतच जातो.

भारतीय खेड्यांत दूरध्वनी पोहोचला तोही वाटणीच्याच मार्गाने. प्रत्येक गावापर्यंत खांब आणि तारा नेणे परवडण्यासारखे नव्हते. म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दूरसंचार खात्याने 'मार' या नावाने ओळखली जाणारी रेडिओ यंत्रणा ग्रामीण भागात बसवली. तिच्या एका प्रचलित प्रकारात केंद्रापासून फक्त दोन रेडिओ मार्ग निघत आणि ते पंधरा गावांत सामाईक असत. ज्या गावाने आधी फोन उचलला, त्याला मोकळा मार्ग मिळे. दोन गावे बोलत असताना तिसऱ्याने फोन उचलला तर त्याला थांबावे लागे. यात ठरलेले आवर्तन नव्हते. बोलणे संपेपर्यंत मार्ग एकाच्याच ताब्यात राही. ही यंत्रणा वारंवार बंद पडे, हा ग्रामीण भागातील सार्वत्रिक अनुभव होता. २००० नंतरच्या दशकात सार्वत्रिक सेवा निधीच्या साहाय्याने अशा लाखाहून अधिक ग्रामीण सार्वजनिक दूरध्वनींच्या जागी नवी साधने बसवण्यात आली.

साडेचार मिलिसेकंदांचे आवर्तन

भारतातील पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाला. पुढे देशभर पसरले ते 'जीएसएम' तंत्रज्ञान, जे आज 'टू-जी' म्हणून ओळखले जाते. ते पाळ्यांच्या पद्धतीचे सर्वांत यशस्वी उदाहरण म्हणावे लागेल.

जीएसएममध्ये कंपनीला मिळालेल्या लहरींचा पट्टा प्रथम २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यांत विभागला जातो. त्यातील प्रत्येक पट्ट्यावर काळाची आठ भागांत वाटणी होते. एक आवर्तन सुमारे ४.६१५ मिलिसेकंदांचे आणि त्यातील एक पाळी सुमारे ०.५७७ मिलिसेकंदाची. आपली पाळी आली की मोबाइल १४८ बिट झपाट्याने पाठवतो आणि उरलेल्या सात पाळ्या गप्प बसतो. त्या १४८ बिटांपैकी माणसाच्या बोलण्याच्या वाट्याला ११४ येतात. बाकीचे ओळख पटवण्यासाठी आणि लहरींची विकृती मोजण्यासाठी खर्च होतात. बोलणारा माणूस अखंड बोलतो, पण त्याचा फोन आठातील सात भाग वेळ मुका असतो. फोन वीस मिलिसेकंदांचा आवाज साठवून तो आक्रसतो आणि तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. पलीकडे तुकडे पुन्हा जुळवले जातात, म्हणून कानाला खंड जाणवत नाही.

या पाळ्या ऐकूही येतात. रेडिओ किंवा संगणकाच्या स्पीकरजवळ मोबाइल ठेवला असता, घंटी वाजण्याच्या क्षणभर आधी 'टर्र-टर्र' असा आवाज येत असे, तो अनेकांना आठवत असेल. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एकदा म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा फोनचा प्रक्षेपक सुरू-बंद होतो, आणि तो ताल स्पीकरच्या तारांत उतरतो. टीडीएमए कानांनी ऐकण्याची ती सर्वांत सोपी सोय होती.

डोंगरापलीकडची वस्ती

प्रकाशाचा आणि रेडिओलहरींचा वेग अफाट असला तरी अमर्याद नाही. एक किलोमीटर अंतर कापायला लहरीला सुमारे ३.३ मायक्रोसेकंद लागतात. रोजच्या व्यवहारात हा काळ शून्यच. पण ज्या यंत्रणेत अख्खी पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची, तेथे तो शून्य राहत नाही. टॉवरच्या पायथ्याशी असलेला फोन आणि तीस किलोमीटरवरच्या शेतातील फोन यांनी टॉवरची खूण ऐकून आपापल्या पाळीत संदेश सोडला, तर जाण्या-येण्यातच दुसऱ्याचा संदेश सुमारे २०० मायक्रोसेकंद उशिरा पोहोचेल आणि पुढच्याच्या पाळीवर आदळेल.

दोन पाळ्यांमध्ये सुमारे ३० मायक्रोसेकंदांची मोकळी जागा सोडलेली असते, बांधासारखी. परंतु ती चार-साडेचार किलोमीटरच्या अंतरालाच पुरते. बांध रुंद करायचा तर पीक घ्यायची जमीन कमी होते. म्हणून जीएसएमने दुसरी युक्ती योजली. टॉवर प्रत्येक फोनचा उशीर मोजतो आणि 'तू इतका आधी बोल' असा हुकूम देतो. लांबच्या फोनने पाळी येण्यापूर्वीच बोलायला सुरुवात करायची, म्हणजे संदेश नेमक्या वेळी पोहोचतो. या हुकुमाला ० ते ६३ अशा पायऱ्या आहेत आणि एक पायरी म्हणजे सुमारे ५५० मीटर अंतर. हिशेब केला तर मर्यादा ३५ किलोमीटरच्या आसपास येते. त्यापलीकडे सिग्नल कितीही ठळक असला तरी नेहमीच्या जीएसएममध्ये बोलता येत नाही.

ही मर्यादा ओलांडण्याची सोयही आहे. समुद्रकिनारी किंवा विरळ वस्तीच्या प्रदेशात एका फोनला एकाऐवजी लागोपाठच्या दोन पाळ्या देतात. उशिरा आलेला संदेश दुसऱ्या पाळीत सामावतो. मात्र त्यामुळे आठाऐवजी चारच जण बोलू शकतात. अंतराची किंमत वेळाने चुकवावी लागते, आणि ती किंमत शहरापेक्षा ग्रामीण भागाच्या वाट्याला अधिक येते. शहरात टॉवर काही शे मीटरवर असतात, तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. बालाघाटासारख्या प्रदेशात बहुधा डोंगरच अंतराच्या आधी आडवा येतो, ही गोष्ट वेगळी.

गर्दीचे गणित

आता बाजाराच्या दिवसाकडे वळू. टॉवरच्या एका दिशेला जीएसएमचे दोन पट्टे दिले आहेत असे समजा. पाळ्या झाल्या सोळा. त्यातील दोन नियंत्रणासाठी सोडल्या तर बोलण्यासाठी चौदा उरतात. मग चौदा जणांचीच सोय झाली का? नाही, कारण सगळे एकाच वेळी बोलत नाहीत.

याचे गणित मांडले ते डेन्मार्कमधील आग्नर क्रारुप एरलांग यांनी. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते आणि एका एक्स्चेंजला किती तारा पुरतील हा त्यांच्यापुढील रोखठोक प्रश्न होता. १९१७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र आजही जगभर वापरले जाते. गर्दीच्या तासात प्रत्येक ग्राहक सरासरी दीड मिनिट बोलतो आणि शंभरातील दोन कॉल फुकट गेले तरी चालतील असे धरले, तर या सूत्रानुसार चौदा पाळ्या सुमारे ३३० ग्राहकांना पुरतात. सातच पाळ्या असत्या तर ग्राहकांची संख्या निम्म्यावर न येता अवघी ११५ ते १२० इतकी घसरली असती. पाळ्या दुप्पट केल्या की क्षमता जवळजवळ पावणेतीनपट होते. सामाईक साठा जितका मोठा, तितका तो काटकसरीने वापरता येतो. लहरींचे पट्टे अनेक कंपन्यांत तुकड्या-तुकड्यांनी वाटले गेले, त्या काळात प्रत्येक तुकड्याची क्षमता का रोडावत असे, हेही यावरून कळते.

बाजारात मात्र हे ३३०चे गणित कोलमडते. माणसे वाढतात आणि दीड मिनिटाची सरासरीही वाढते. पंधरावा माणूस फोन लावतो तेव्हा त्याच्यासाठी पाळीच शिल्लक नसते. सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसत असतानाही कॉल लागत नाही, तो यामुळे. काड्या लहरींची ताकद दाखवतात. पाळी मोकळी आहे की नाही, हे त्या सांगत नाहीत. यावर कंपन्यांनी 'हाफ रेट'चा तोडगा काढला. एका पाळीत दोघांना आळीपाळीने बसवायचे आणि प्रत्येकाचा आवाज अधिक आक्रसायचा. कॉल लागतो, पण पलीकडचा माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

पाळी मागायची कशी?

येथे एक पेच उभा राहतो. ज्याला पाळी मिळालेली नाही, त्याने पाळी मागायची कोणत्या पाळीत? शेजपाळीत अर्ज करायला कार्यालय असते. हवेत ते नाही.

उत्तर हवाई बेटांतून आले. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांचे सहकारी वेगवेगळ्या बेटांवरील यंत्रे होनोलुलूच्या संगणकाशी रेडिओने जोडत होते. १९७१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'अलोहा' जाळ्याचा नियम साधा होता: वाटेल तेव्हा बोला, उत्तर आले नाही तर संदेश आदळला असे समजा आणि मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोला. हा कारभार बेशिस्त वाटतो, आणि तो खर्चीकही आहे. अशा मार्गाची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता कामी येते, बाकीची रिकामी जाते किंवा टकरींत वाया जाते. काळाचे कप्पे पाडून फक्त कप्प्याच्या आरंभीच बोलायची सक्ती केली, तर हा आकडा दुप्पट म्हणजे सुमारे ३७ टक्के होतो. केवळ घड्याळ जुळवल्याचा हा लाभ.

जीएसएममध्ये पाळी मागण्यासाठी हीच कप्प्यांची अलोहा पद्धत वापरली आहे. फोन एक छोटासा 'हाक' संदेश सोडतो. त्याचे अंतर अजून टॉवरला ठाऊक नसते, म्हणून तो मुद्दाम आखूड ठेवलेला असतो आणि त्याच्या मागे भरपूर मोकळी जागा असते. दोन हाका आदळल्या तर दोघेही थांबून पुन्हा प्रयत्न करतात. यात्रेत, उरुसात किंवा अपघातानंतर शेकडो फोन एकदम हाका मारू लागले की टकरी वाढतात, टकरींमुळे पुन्हा हाका वाढतात आणि पाळ्या मोकळ्या असूनही त्या मागता येत नाहीत. अशा वेळी टॉवर काही वर्गांतील फोनना तात्पुरते गप्प राहण्यास सांगू शकतो, जेणेकरून तातडीच्या कॉलला वाट मिळावी.

यापेक्षा निराळी शिस्त पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेत पाहायला मिळते. नेकनूरसारख्या ठाण्यापासून जिल्हा नियंत्रण कक्षापर्यंत साऱ्यांनी एकाच मार्गावर बोलायचे, तर दोन नियम पाळावे लागतात. बोलण्यापूर्वी मार्ग मोकळा आहे का हे ऐकायचे, आणि आपले संपले की 'ओव्हर' म्हणायचे. नियंत्रण कक्षाने एकेका ठाण्याला नावाने पुकारले की पाळी आपोआप ठरते. शहरी घरांतील वाय-फाय यातील पहिला नियम पाळते. प्रत्येक उपकरण आधी ऐकते, शांतता असली तरी क्षणभर अनियमित काळ थांबते आणि मगच बोलते. इमारतीत वीस घरांची वाय-फाय एकाच वारंवारितेवर असली की सर्वांचा वेळ बोलण्यापेक्षा ऐकण्यातच जातो. रात्री नऊनंतर 'नेट स्लो' होण्यामागे पुष्कळदा हे शेजारपण असते.

काचेच्या तारेतही रांग

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मान्यता दिली. पुढे ती 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. फायबर आले म्हणजे वाटणीचा प्रश्न मिटला, असा समज आहे; तो बरोबर नाही. या योजनेत वापरलेल्या 'जीपॉन' तंत्रात तालुक्याच्या बाजूने निघालेल्या एका तंतूला वाटेत फाटे फुटतात आणि अनेक ठिकाणची यंत्रे त्या एकाच तंतूवर येतात. येणारी माहिती सर्वांकडे जाते आणि प्रत्येक यंत्र आपल्या नावाची तेवढी उचलते. परतीच्या दिशेने मात्र पाळ्या लागतात. दर १२५ मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात कोणी कधी लेसर पेटवायचा हे मुख्य यंत्र ठरवते. जवळच्या आणि लांबच्या गावांचा उशीर येथेही मोजावा लागतो, कारण काचेत प्रकाश हवेपेक्षा मंद चालतो, किलोमीटरला सुमारे पाच मायक्रोसेकंद.

या रचनेची एक दुखरी नस अभियंत्यांना चांगली ठाऊक आहे. एखादे यंत्र बिघडून त्याचा लेसर सततच पेटलेला राहिला, तर त्या तंतूवरील साऱ्यांची परतीची वाट बंद होते. तार तुटलेली नसते, वीज गेलेली नसते, तरीही सगळे ठप्प. एका न थांबणाऱ्या वक्त्याने सभा उधळावी तसा हा प्रकार.

पाळी ठरवतो कोण?

फोर-जीमध्ये पाळ्यांचे स्वरूप बदलले. जीएसएममध्ये एकदा मिळालेली पाळी बोलणे संपेपर्यंत त्याचीच राही. तो गप्प असला तरी ती दुसऱ्याला सहसा मिळत नसे. फोर-जीचा टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने वाटप करतो. कोणाकडे पाठवायला काही आहे, कोणाचा सिग्नल या क्षणी चांगला आहे, कोण केव्हापासून थांबला आहे, याचा हिशेब करून लहरींचे तुकडे वाटले जातात. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात सुरू झालेल्या फाइव्ह-जीमध्ये, ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ही पाळी अर्ध्या मिलिसेकंदावर आली. तेथे जाणारी आणि येणारी माहितीही एकाच वारंवारितेवर आळीपाळीने चालते. त्यामुळे शेजारच्या टॉवरांची घड्याळे तीन मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेली असावी लागतात. एक टॉवर बोलत असताना दुसरा ऐकत असेल, तर त्याला फोनऐवजी शेजाऱ्याचाच आवाज ऐकू येईल.

या नव्या व्यवस्थेत न्यायाचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. टॉवरजवळच्या फोनला एका पाळीत जेवढी माहिती पाठवता येते, तेवढ्यासाठी डोंगराआडच्या वस्तीवरील फोनला कितीतरी अधिक पाळ्या लागतात, कारण दुबळ्या सिग्नलवर सावकाशच बोलावे लागते. जास्तीत जास्त माहिती वाहून न्यायची एवढेच उद्दिष्ट ठेवले, तर सर्व पाळ्या जवळच्यांना द्याव्या लागतील. सर्वांना समान वेग द्यायचा म्हटले, तर दोन-चार लांबचे फोन टॉवरचा बहुतेक वेळ खाऊन टाकतील. प्रत्यक्षात मधला मार्ग काढतात. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या सरासरीच्या तुलनेत सिग्नल चांगला असेल त्या क्षणी पाळी द्यायची. वेळेची वाटणी त्यामुळे बरीचशी समान होते, वेगाची होत नाही. वस्तीवरच्या विद्यार्थ्याला ऑनलाइन वर्गात अडखळत ऐकू येते, तेव्हा त्याला पाळी मिळत नाही असे नसते. त्याच्या पाळीत मावते कमी. त्याला वेग हवा असेल तर नियम बदलून फारसे साधणार नाही, टॉवर जवळ यावा लागेल. शेजपाळीत शेवटच्या टोकाला आधी पाणी देतात, ते चारीत वाटेत गळणाऱ्या आणि पळवल्या जाणाऱ्या पाण्याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे. मोबाइलच्या नियमांत शेवटच्या टोकासाठी असा हक्क लिहिलेला नाही.

काही देशांनी टू-जी बंद केले. ऑस्ट्रेलियातील टेलस्ट्रा या कंपनीने २०१६ मध्ये आणि अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीने २०१७ च्या आरंभी. भारतात मात्र एअरटेल कंपनीने थ्री-जी आधी गुंडाळले आणि टू-जी चालू ठेवले, कारण साधे बटणांचे फोन वापरणारा वर्ग मोठा आहे. नेकनूरच्या बाजारासारख्या ठिकाणी असा फोन वाजतो, तेव्हा त्यामागे आठ पाळ्यांचे तेच आवर्तन चाललेले असते.

पाळीची गरज नसलेला एक संदेश मात्र आहे. २०२३ मध्ये देशभर चाचणी म्हणून मोठ्या आवाजासह जे आपत्कालीन इशारे मोबाइलवर झळकले, ते 'सेल ब्रॉडकास्ट' पद्धतीचे होते. त्यात टॉवर एकदाच बोलतो आणि परिसरातील सर्व फोन एकाच वेळी ऐकतात. ऐकणारे शंभर असोत वा दहा हजार, लहरींचा खर्च तेवढाच. विजेचा किंवा पुराचा इशारा ऐन बाजाराच्या गर्दीत द्यायचा झाला, तर प्रत्येकाला फोन लावण्याइतक्या पाळ्या कोणत्याही टॉवरकडे नसतात. एका इशाऱ्यापुरती जागा प्रत्येक टॉवरकडे असते.